हिशेबाची वर्षअखेर : मंदीतील संयुक्त प्रांत, लखनौ आणि ‘गोदान’

१

शेतकऱ्यावर येणाऱ्या संकटांची ‘आसमानी’ आणि ‘सुलतानी’ अशी विभागणी करण्याची रीत मराठीत जुनी आहे. पाऊस न पडणे, टोळधाड येणे, गारा कोसळणे ही आसमानी. सैन्याची लूट, वाढीव वसुली, अधिकाऱ्याचा जुलूम ही सुलतानी. १९३० साली उत्तर भारतातील शेतकऱ्यावर जे संकट आले ते या दोन्ही कोटींत नीट बसत नाही. पीक बुडाले नव्हते, भाव बुडाला होता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील ऑक्टोबर १९२९ च्या कोसळणीनंतर शेतमालाच्या किमती जगभर घसरल्या. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरल्यास १९२९ मध्ये १४१ होता; तो १९३१ मध्ये ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. खळ्यावर धान्याची रास पूर्वीएवढीच होती; मात्र त्या राशीतून खंड, सारा आणि व्याज भागेल एवढे रुपये निघत नव्हते.

शासनासमोरील अडचणही याच जातीची होती. जमीन महसुलात सूट देण्याचे नियम मुख्यतः अवर्षण, पूर, गारपीट अशा आपत्ती डोळ्यांसमोर ठेवून घडलेले होते. पीक उभे आहे पण त्याला किंमत नाही, अशा स्थितीत किती सूट द्यायची याचे माप त्या नियमांत सापडत नव्हते. संयुक्त प्रांताच्या (१९५० पासून उत्तर प्रदेश) सरकारची आर्थिक कोंडी येथून सुरू होते.

याच प्रांताच्या राजधानीत, लखनौत, प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (१९३६) या कादंबरीचा नागर भाग घडतो. तिचा ग्रामीण भाग अवधमधील बेलारी आणि सेमरी या गावांत घडतो. हे दोन भाग एकमेकांशी सैलपणे जोडले गेले आहेत, असा आक्षेप हिंदी समीक्षेत वारंवार घेतला गेला आहे. प्रांताच्या अर्थव्यवहाराच्या दृष्टीने कादंबरी वाचली तर या आक्षेपाचे स्वरूप बदलते, हे येथे दाखवावयाचे आहे. गाव आणि लखनौ यांना जोडणारा दुवा कथानकापेक्षा हिशेबात अधिक आहे; आणि शासनाचा हिशेब जेथे मिटतो तेथून कादंबरीचा हिशेब सुरू होतो.

२

प्रथम शासनाचा हिशेब. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी १९२१ मध्ये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली आणि प्रांतांचे उत्पन्न केंद्राच्या उत्पन्नापासून वेगळे करण्यात आले. जमीन महसूल, पाटबंधारे, अबकारी, मुद्रांक ही खाती प्रांतांकडे आली. जकात आणि प्राप्तिकर ही वाढती खाती केंद्राकडे राहिली. केंद्राची तूट भरून काढण्यासाठी प्रांतांनी दरवर्षी वर्गणी द्यावी असे मेस्टन समितीने ठरविले. त्या वाटपात मद्रासच्या वाट्याला ३४८ लाख, संयुक्त प्रांताच्या वाट्याला २४० लाख आणि मुंबईच्या वाट्याला केवळ ५६ लाख रुपये आले. शेतीच्या महसुलावर जगणाऱ्या प्रांतांवर अधिक भार, असा या वाटपाचा कल होता. ही वर्गणी १९२८ च्या सुमारास कायमची रद्द झाली. प्रांताला जरा उसंत मिळते न मिळते तोच मंदी आली.

या व्यवस्थेचा पायाभूत अभ्यास एका मराठी विद्वानाने केला होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानात येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. आधी ठोक नेमणुका, मग नेमून दिलेले उत्पन्न, मग केंद्राशी वाटून घेतलेले उत्पन्न अशा तीन अवस्थांतून प्रांतिक अंदाजपत्रक कसे घडत गेले, हे त्यांनी त्यात उलगडले. ‘प्रांताचे अंदाजपत्रक’ हा शब्दप्रयोग जेवढा स्वायत्ततेचा भास निर्माण करतो तेवढी स्वायत्तता त्यामागे नव्हती, हे त्या विवेचनातून स्पष्ट होते. मंदीच्या वर्षांत संयुक्त प्रांताला याचाच प्रत्यय आला. रुपयाचा दर १९२७ मध्ये अठरा पेन्सवर बांधलेला होता आणि सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडल्यावरही तो पौंडाशी तसाच जखडलेला राहिला. चलनाचा निर्णय लंडन-दिल्लीचा. त्याचा भार वाहणारे महसुलाचे खाते लखनौचे.

खर्चाची बाजू आखडणे सोपे नव्हते. पोलीस, तुरुंग, न्यायालये आणि पगार हा खर्च भावाबरोबर खाली येत नाही. १९२८ मध्ये सुरू झालेल्या शारदा कालव्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चालूच होते. राजधानी टप्प्याटप्प्याने अलाहाबादहून लखनौला येत होती. १९२१ च्या डिसेंबरात पायाभरणी झालेल्या भव्य विधिमंडळ भवनाचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९२८ मध्ये झाले होते. १९३१ च्या उत्तरार्धात केंद्र सरकारने करांवर पंचवीस टक्के अधिभार बसविला आणि सरकारी पगारांत दहा टक्के कपात केली. पगारकपात पुढे टप्प्याटप्प्याने उठविण्यात आली. सरकारी हिशेबात संकटाला आरंभ असतो आणि शेवटही असतो, याचे हे एक छोटे उदाहरण.

३

जमेची बाजू समजण्यासाठी अवधची भूधारणा ध्यानात घ्यावी लागते. मुंबई इलाख्यात रयतवारी होती. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये सहसा कोणी नसे. (कोकणातील खोती हा मोठा अपवाद, आणि तिच्या उच्चाटनाचे विधेयक आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले.) अवधमध्ये कूळ तालुकदाराला खंड देई आणि त्या खंडाचा ठरीव भाग तालुकदार सरकारला महसूल म्हणून देई. खंडाखेरीज नजराणा, वेठ, सणासमारंभाच्या वर्गण्या हे सारे वेगळेच.

या पद्धतीविरुद्धच्या १९२०-२१ मधील अवधच्या शेतकरी चळवळीचे प्रमुख नेते बाबा रामचंद्र हे मूळचे ग्वाल्हेर भागातील मराठी ब्राह्मण. फिजीत करारबद्ध मजूर म्हणून राबून ते परतले होते आणि तुलसीरामायणाच्या चौपाया म्हणत गावोगाव सभा घेत. नजराणा आणि बेदखली हे त्या चळवळीचे दोन मुख्य विषय होते. १९२१ च्या दुरुस्ती कायद्याने अवधच्या कुळाला हयातभर जमीन कसण्याचा हक्क मिळाला. मात्र खंड थकल्यास बेदखलीची वाट खुली राहिली. भाव स्थिर असेपर्यंत ही फट लहान वाटत होती. भाव निम्म्याकडे येताच तीच हमरस्ता झाली, कारण खंड रुपयांत ठरलेला होता आणि रुपया दुप्पट धान्य मागत होता.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर खंडाचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आला. मे महिन्यात गांधीजी नैनितालला गव्हर्नर सर माल्कम हेली यांना भेटले आणि त्यांनी किसानांना उद्देशून पत्रक काढले : कायम हक्काच्या कुळांनी रुपयामागे बारा आणे आणि वैधानिक कुळांनी आठ आणे खंड भरावा. सरकारनेही खंडात आणि त्या प्रमाणात महसुलात सूट जाहीर केली. भाव जर शतकाच्या आरंभीच्या पातळीला गेले असतील तर खंडही त्या सुमारास आणावा, असा त्यामागील विचार होता. चालू वर्षाची सूट मिळाली तरी मागील थकबाकीचे काय, आणि सूट कागदावर असूनही कारभाऱ्याने पूर्ण रक्कम मागितली तर काय, हे प्रश्न तसेच राहिले. डिसेंबरात अलाहाबाद जिल्ह्यात खंडबंदीची चळवळ सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जवाहरलाल नेहरूंना अटक झाली.

सूट खंडापुरती होती. कर्ज तिच्या बाहेर होते. प्रांतिक बँकिंग चौकशी समित्यांच्या १९२९-३० मधील अंदाजांनुसार संयुक्त प्रांतातील ग्रामीण कर्ज १२४ कोटी, तर मुंबई इलाख्यातील ८१ कोटी रुपये होते. भाव कोसळल्यावर या कर्जाचा आकडा तोच राहिला. धान्याच्या मापाने त्याचे ओझे मात्र वाढले. १९३४ मध्ये प्रांताने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला : व्याजदराला आळा आणि हप्त्यांची सोय. त्याच वर्षी कर्जबाजारी जमीनदारांच्या इस्टेटी सोडविण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तालुकदाराचे कर्ज हा राज्यकारभाराचा विषय बनला, त्याच्या वसुलीची व्यवस्था सरकारने अंगावर घेतली. कुळाच्या कर्जाला व्याजाची मर्यादा मिळाली. पण ती मिळवायची तर न्यायालयाची पायरी चढणे, दस्तऐवज दाखवणे आणि पावती असणे आवश्यक होते.

४

‘पावती’ या शब्दापाशी ‘गोदान’कडे वळता येते. होरी बेलारीचा लहान शेतकरी आहे. त्याचे मालक रायसाहेब अमरपालसिंह हे तालुकदार आहेत आणि सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेले कौन्सिलर आहेत. त्यांचा कारभारी नोखेराम खंड घेतो, पावती देत नाही आणि पुढे तोच खंड पुन्हा मागतो. होरीचा मुलगा गोबर शहर पाहून आलेला असल्याने तो कारभाऱ्याला जाब विचारू शकतो. होरीला ते सुचत नाही. सरकारने दिलेली कोणतीही सूट होरीपर्यंत पोहोचायची तर ती या पावती न देणाऱ्या हातातूनच जावी लागणार, ही साधी गोष्ट कादंबरी एका प्रसंगातून सांगते.

मंदी, भावघसरण, सूट यांचा उच्चार कादंबरीत जवळजवळ नाही. म्हणून ‘गोदान’ मंदीची कादंबरी नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. होरीच्या दृष्टीने मंदी ही घटना नाहीच. त्याच्या हिशेबात ती इतर वर्षांपासून वेगळी काढता येत नाही. मँगरू साहचे बैलासाठी घेतलेले साठ रुपये, साठ फेडूनही साठच उरतात. दातादीनकडून बटाट्याच्या लागवडीसाठी घेतलेले तीस तीन वर्षांत शंभर होतात. ऊस विकून एकशे वीस रुपये हातात येण्याआधीच झिंगुरीसिंह गिरणीच्या दारात आपले मुद्दल-व्याज कापून घेतो. उरलेले पंचवीस नोखेराम नेतो. होळीच्या दिवशी गावातील पोरे जे सोंग काढतात त्यात दहाच्या रोख्यावर पाचच हातात पडतात, कारण नजराणा, कागद, दस्तुरी आणि आगाऊ व्याज आधीच कापलेले असते. सरकारी अंदाजपत्रकात वर्षअखेरीस शिल्लक किंवा तूट काढून नवे पान उघडले जाते. होरीच्या वहीत पान उलटत नाही, फक्त ‘मागील येणे’ पुढे ओढले जाते. कादंबरीची लांबण, तिच्यातील प्रसंगांची पुनरावृत्ती, कथानकात ‘कळस’ नसणे या गोष्टींची संगती या हिशेबपद्धतीशी लावता येते.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. होरीचे सारे दुःख खंड आणि व्याज यांतून येत नाही. विधवा झुनियाला सून म्हणून घरात घेतल्याबद्दल बिरादरीचे पंच त्याला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्याचा दंड करतात, आणि तो दंड होरी स्वतःच्या डोक्यावरून वाहून पोहोचवतो. ही वसुली कोणत्याही सरकारी सूटीच्या कक्षेत येत नाही. जात हे प्रेमचंदांच्या कादंबरीतील दुसरे महसूल खाते आहे, असे म्हणता येईल. केवळ आर्थिक कारणांवर बोट ठेवणारे वाचन या दंडाशी अडखळते, आणि अडखळावे हेच योग्य.

५

शासनाचे अंदाजपत्रक ‘गोदान’मध्ये एका ठिकाणी उघडपणे येते, आणि ते येते लखनौच्या बाजूने. खन्ना हे बँकेचे आणि साखर कारखान्याचे चालक. अंदाजपत्रकात साखरेवर कर बसतो आणि गिरणीमालकांना मजुरी कापायला निमित्त मिळते. करामुळे होणाऱ्या तोट्याच्या दुप्पट फायदा मजुरीकपातीतून साधतो, असा हिशेब निवेदक मांडतो. संप होतो, नवे मजूर आणले जातात, मारामारीत गोबर जबर जखमी होतो, पुढे कारखाना जळतो.

या प्रसंगामागील वास्तव १९३४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात सापडते. १९३२ च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळाले, जावाच्या साखरेची आयात झपाट्याने घटली आणि तिसाच्या आसपास असलेली कारखान्यांची संख्या पाच वर्षांत शंभरापलीकडे गेली. त्यांतील पुष्कळसे संयुक्त प्रांत आणि बिहारात होते. आयात थांबली तशी आयातकराची मिळकतही आटली. ती भरून काढण्यासाठी १९३४ मध्ये कारखान्याच्या साखरेवर उत्पादन-शुल्क बसले. त्याच वर्षी उसाला किमान भाव ठरवून देण्याचा अधिकार प्रांतांना देणारा कायदाही झाला. दिल्लीतील जकातीच्या खात्यातील तूट अशा रीतीने उत्पादन-शुल्क बनते, उत्पादन-शुल्क मजुरीकपात बनते, आणि मजुरीकपात बेलारीहून पळून आलेल्या गोबरच्या अंगावर जखम होऊन उमटते. गावातील होरी आणि शहरातील गोबर एकाच साखळीची दोन टोके आहेत : होरीचा ऊस खन्नांच्या गिरणीत जातो, गोबर तेथेच मजुरी करतो.

प्रेमचंद जून १९३४ पासून एप्रिल १९३५ पर्यंत चित्रपटलेखनासाठी मुंबईत होते. त्यांच्या येण्याच्या थोडे आधी, एप्रिलमध्ये, मुंबईच्या कापडगिरण्यांत मजुरीकपातीविरुद्ध सार्वत्रिक संप झाला होता, आणि त्यांच्या कथेवरील ‘मजदूर’ हा गिरणीविषयक चित्रपट सेन्सॉरच्या अडचणीत सापडला. ‘गोदान’चे लेखन याच वर्षांत चालू होते. गिरणगावाच्या अनुभवाची छाया कादंबरीतील संपावर पडली असेल, एवढे म्हणण्यास जागा आहे.

रायसाहेबांचे चित्रण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आरंभी ते होरीजवळ तालुकदारीच्या परोपजीवी जीवनाबद्दल मनापासून खंत व्यक्त करतात. त्याच भेटीत उत्सवाच्या वीस हजारांच्या खर्चासाठी बेलारीकडून पाचशेची अपेक्षाही सांगतात, आणि वेठीचे मजूर जेवण मागतात हे कळताच संतापतात. कादंबरीच्या उत्तरार्धात ते निवडणूक जिंकतात, राजा हा किताब मिळवतात आणि सरकारात सभासद होतात. म्हणजे ज्याच्या पावतीविना वसुलीतून प्रांताचा महसूल येतो, तोच त्या महसुलाच्या विनियोगावर बोलणाऱ्या सभागृहात बसतो. लखनौतील भातखंड्यांचे संगीत विद्यालय (१९२६) मराठी वाचकाला जिव्हाळ्याचे आहे. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्यासारख्या तालुकदारांच्या रसिकतेवाचून ते उभे राहिले नसते. त्या औदार्याचा उगमही अखेर खंडातच होता, हे विसरता येत नाही.

६

मराठीतील समांतर उदाहरण म्हणून महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’कडे (१८८३) पाहिले तर भेद बोलका ठरतो. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत दख्खनच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, आणि १८७९ मध्ये सरकारने शेतकरी कायदा केला. सावकाराला लगाम घालून महसुलाच्या प्रश्नाला बगल द्यायची, ही १९३४ मध्ये संयुक्त प्रांतात दिसणारी पद्धत येथे आधीच दिसते. फुल्यांनी या बगलेवर नेमके बोट ठेवले. शेतकऱ्याकडून वसूल झालेला सारा आणि लोकल फंड कोणाच्या पगारावर, पेन्शनवर आणि शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा प्रश्न १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनातही आहे. ‘असूड’ हे एका अर्थाने सरकारी अंदाजपत्रकाचे शेतकऱ्याच्या बाजूने केलेले वाचन आहे.

फुले थेट सरकारशी बोलतात, प्रेमचंद तसे बोलत नाहीत. हा फरक केवळ दोन लेखकांच्या स्वभावाचा नाही. रयतवारीत शेतकऱ्याला सरकार समोर दिसते : मोजणीदार, कुलकर्णी, मामलेदार, कलेक्टर. त्यामुळे तेथे निबंध, निवेदन, आरोपपत्र हे रूप स्वाभाविक ठरते. अवधच्या शेतकऱ्याला सरकार दिसत नाही. दिसतो कारभारी, त्यामागे तालुकदार, आणि तालुकदारामागे लखनौचे दिवाणखाने, बँका, वृत्तपत्रे, निवडणुका. ही साखळी दाखवायची तर गावाइतकेच शहर कादंबरीत आणणे भाग होते. ‘गोदान’ची दुहेरी रचना हा बांधणीतील दोष ठरविण्याआधी तिच्यामागील भूधारणा पाहावी लागते. दोन्ही भागांतील पात्रे एकमेकांना क्वचित भेटतात, कारण ज्या व्यवस्थेचे हे चित्र आहे ती त्यांना भेटू देत नाही. त्यांच्यामध्ये पैसा मात्र अखंड ये-जा करतो, आणि बहुतेक एकाच दिशेने.

७

एप्रिल १९३६ मध्ये लखनौत तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद झाली. आणि स्वामी सहजानंद सरस्वतींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली. त्याच महिन्यात, येऊ घातलेल्या प्रांतिक स्वायत्ततेची आर्थिक घडी बसविणारा सर ऑटो नीमेयर यांचा अहवाल आला. त्यात संयुक्त प्रांतासाठी पाच वर्षे दरसाल पंचवीस लाखांच्या अनुदानाची शिफारस होती. प्रांताच्या तुटीची तजवीज झाली. तिला मुदत मिळाली, रक्कम मिळाली, देणारा मिळाला.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘गोदान’च्या अखेरच्या भागात होरीवर तीन वर्षांचा खंड थकलेला आहे आणि नोखेरामने बेदखलीचा दावा लावला आहे. जमीन वाचविण्यासाठी होरी दोनशे रुपये घेऊन धाकट्या मुलीचे, रूपाचे, लग्न वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या रामसेवकाशी लावतो; ती रक्कमही तो मनाशी उसनीच समजतो आणि ती फेडण्यासाठी मजुरीला जातो. त्या मजुरीतच उष्माघाताने तो कोसळतो. गोदानासाठी गाय नाही. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया दातादीनच्या हातावर ठेवते. मराठी वाचकाला ही रक्कम ओळखीची वाटावी : वीस आणे म्हणजे सव्वा रुपया, पूजेच्या ताटात ठेवायची दक्षिणा. घेणारा दातादीन हा पुरोहितही आहे आणि तीसचे शंभर करणारा सावकारही. त्या सव्वा रुपयाची नोंद त्याने कोणत्या खात्यात केली असेल, हे कादंबरी सांगत नाही.